सतरावा भाग

सुप्याच्या एसटी स्टँडमागे, पिठाच्या गिरणीच्या वर मालनबाईंच्या दोन खोल्या होत्या. जिल्ह्याचं नाव बदललं तरी खाली कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडायचे आणि मालनबाईंना ते बरं वाटायचं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला जुन्या नावांचीच सोबत असते.

पुण्यातल्या एका पेटंटच्या वकिलाकडे त्यांनी छत्तीस वर्षं चित्रं काढली होती. चित्रं म्हणजे फुलापानांची नव्हेत. कुणी नवं यंत्र शोधलं की त्याची आकृती काळ्या शाईने काढायची, प्रत्येक भागापासून एक बारीक रेघ बाहेर ओढायची आणि तिच्या टोकाला आकडा टाकायचा. मग वर्णनात त्या आकड्यापुढे भागाचं नाव येतं. ऊस तोडायच्या कोयत्यापासून डोळ्याच्या भिंगापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. बियाणांच्या कंपनीसाठी त्यांनी कपाशीच्या जनुकांची पिळाची शिडीही काढली होती. सुप्याच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याच्या कितीतरी आधी त्यांच्या टेबलावर तसली पाती येऊन गेली होती. पहिली पवनचक्की बघताना त्यांना एखाद्या भाचीच्या लग्नाला गेल्यासारखं वाटलं होतं.

त्यांचे जुने साहेब एकच नियम सांगत. "आकडा तिथे भाग, भाग तिथे आकडा. नुसता आकडा म्हणजे खोटं, नुसता भाग म्हणजे चोरी." इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारायलाही त्यांनीच शिकवलं, म्हणजे घाईत सात आणि एक यांचा घोळ होत नाही. ती रेघ मालनबाई अजून मारत. आणि आकडा टाकला की वाकून त्याच्यावर फुंकर घालत. टीपकागदाने शाई पसरते. फुंकरीने पसरत नाही.

आता कॉम्प्युटर आले. पण एमआयडीसीतले फिटर-टर्नर लोक काही डोक्यात आलं की अजून त्यांचा जिना चढायचे. त्यातलाच एक आदिनाथ. पिंपळदऱ्याचा, तिशी उलटलेला, कमी बोलणारा. गेल्या मे महिन्यात त्याने निळ्या प्लास्टिकच्या पिंपाची उभी पाती करून बनवलेल्या पवनचक्कीचा कच्चा अर्ज स्वतःच भरला होता. "बाई, पुरं चित्र मात्र तुमच्याकडूनच," असं सांगून गेला तो परत आलाच नाही. फेब्रुवारीत तो गेल्याचं मालनबाईंना गिरणीवाल्याकडून कळलं.

एप्रिलच्या मध्यात त्याची बायको आली. सायली तिचं नाव. गावात अंगणवाडी चालवायची. पिशवीतून तिने दोन वह्या आणि एक लांब नोंदवही काढली आणि टेबलावर नीट एकावर एक ठेवली.

"नऊ मेपर्यंत पुरा अर्ज गेला पाहिजे, बाई. कच्च्या अर्जाला वर्ष होतं. नाही गेला तर तारीख जाते. मग कुणीही उद्या हेच करून आपलं म्हणेल."

"तू कशी करणार?"

"वारस म्हणून मला करता येतं. विचारून आलेय." ती पाणी प्यायली. "कंपनीतले त्याला पिंपवाला म्हणायचे. मयतीला आले तेव्हासुद्धा एक जण म्हणाला, पिंपापायी गेला बिचारा. बाई, सरकारच्या कागदावर त्याचं नाव यायला पाहिजे. संशोधक म्हणून. ज्ञानेश्वरी आत्ता सहा वर्षांची आहे, तिने मोठेपणी बाप कोण होता विचारलं तर मी काय पिंप दाखवू?"

"कशाने गेला गं?"

"डॉक्टर म्हणाले हृदय. दोन महिने थकल्यासारखा असायचा. भाकरी खातानाही दम लागायचा त्याला."

मालनबाईंनी वह्या ठेवून घेतल्या.

आदिनाथचं काम स्वच्छ होतं. आकृती एकमध्ये चक्की समोरून, आकृती दोनमध्ये वरून. एक म्हणजे खांब, दोन ते सात पाती, आठ बेअरिंग, असं सोळापर्यंत. सोळा म्हणजे वॅट दाखवणारं मीटर. वर्णनही सोळापर्यंत होतं. पण आकृती दोनमध्ये एक सतरावा आकडा होता. त्याची रेघ खांबाच्या उगवतीकडे जात होती आणि कोऱ्या कागदावर संपत होती. तिथे काहीच काढलेलं नव्हतं.

राहून गेलं असेल, असं मालनबाईंना वाटलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं. खोडल्याची खूण नव्हती. रेघेच्या टोकाला मात्र पेन्सिल दाबून केलेला ठिपका होता. चुकून ओढलेल्या रेघेला कुणी ठिपका देत नाही.

त्यांनी फोन लावला. "सतरा नंबर काय आहे?"

पलीकडून सायली म्हणाली, "तुम्ही येऊन बघा, बाई."

पिंपळदरा सुप्याहून जीपने अर्ध्या तासावर. मालनबाई पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. घरामागे मुरमाड माळ, एक विहीर, एक लिंब आणि मधोमध माणसाहून थोडी उंच अशी निळी चक्की. डोंगरकडेच्या मोठ्या पवनचक्क्या ठप्प उभ्या होत्या. लिंबाचं पान हलत नव्हतं. निळी चक्कीही उभीच होती. तिच्याजवळ एक लोखंडी खुर्ची होती, दवाखान्यात असते तसली, बिनहाताची.

"वारा नाही तर कशी फिरेल?" मालनबाई म्हणाल्या.

तेवढ्यात घरातून आदिनाथचे वडील आले. रंभाजी. धोतर, बंडी, डोक्याला टॉवेल. एवढ्या उन्हात ते कुणाशी न बोलता त्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

मालनबाई मनात आकडे मोजत होत्या म्हणून त्यांना नक्की सांगता आलं असतं. अकराव्या आकड्याला पाती हलली. विसाव्याला ती दिसेनाशी झाली, नुसता निळा पट्टा उरला. आवाज अजिबात नव्हता. खांबावरचा दिवा भर उन्हात पिवळा पेटला.

सायलीने मीटर वाचलं आणि नोंदवहीत लिहिलं. "एकाहत्तर."

मालनबाई विज्ञान मानणाऱ्या होत्या. आयुष्यात त्यांनी आपोआप फिरणारी चाकं आणणारे निदान पंधरा जण पाहिले होते आणि प्रत्येकाची बॅटरी कुठे ना कुठे सापडली होती. त्यांनी पाना मागून घेतला. खालचा डबा उघडला. आत डायनॅमो, दोन वायरी, एक मीटर, एक दिवा. खांबाखालचा मुरूम उकरून पाहिला. खुर्चीचे पाय पाहिले, तिला वायर नव्हती. रंभाजींना उठायला सांगितलं. ते उठले तशी चक्की मंदावली आणि थांबली. त्यांना पुन्हा बसवलं. चक्की फिरली.

मग त्यांनी पिशवीतून टेप काढला. आकृती दोन प्रमाणात काढलेली होती. खांबाच्या मध्यापासून सतराव्या ठिपक्यापर्यंत तीन फूट दोन इंच. त्यांनी जमिनीवर मोजलं. टेपचं टोक बरोबर खुर्चीच्या मध्यावर आलं.

"रंभाजीभाऊ, तुम्ही इथे का बसता?"

"गार वाटतंय, ताई." म्हातारा हसला. पुढचे दात नव्हते. "आमचा आदिनाथ ल्हान हुता तवा खळ्यावर माज्या डोळ्यात कुसळ गेलं का पळत यायचा. आप्पा, फू करू का, म्हनायचा. तशी फुंकर लागतीय हितं. डोळ्यावर. सायलीला म्हनलं, तर ती म्हनती वारं आसंल."

"वारा कुठे आहे?"

"न्हाईच ना," रंभाजी म्हणाले. जणू यात नवल काय.

मालनबाईंनी चप्पल काढून बाजूला ठेवली. का काढली ते त्यांनाही कळलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या. लोखंड तापलेलं असायला हवं होतं. ते गार होतं.

आधी काही नाही. मग मानेवर, बुचड्याच्या खाली, कुणीतरी हळूच फुंकर घातली. फुंकरीला वास होता. बाजरीच्या वाळल्या सरमाडाचा आणि तपकिरीचा. मालनबाईंची आई तपकीर ओढायची. ती जाऊन एकोणपन्नास वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत तिचा चेहरा आठवला होता, आवाज आठवला होता, पण हा वास कधी आठवला नव्हता. त्यांना उठावंसं वाटेना.

"एकतीस," सायली म्हणाली. "बाई, उठा आता."

उठताना त्यांनी सायलीचा हात धरला. ऊन लागलं असेल, असं त्या म्हणाल्या.

ओसरीवर चहा झाला. मालनबाईंनी नोंदवही मांडीवर घेतली. अंगणवाडीची जुनी वही होती. पहिल्या पानांवर पोरांची वजनं, पुढे आदिनाथच्या हातच्या नोंदी. तारीख, वेळ, वाऱ्याचा वेग, वॅट. आणि शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर फक्त १७.

रिकामी खुर्ची, शून्य. सिमेंटची गोणी, शून्य. शेळी, अठरा. शेळी, अकरा. शेळी, दोन. मी, एकशे बारा.

पुढे पानं भरून "मी" होतं. एकशे नऊ. एकशे एक. अठ्ठ्याऐंशी. डिसेंबरात साठ. जानेवारीत तीस. एकोणीस फेब्रुवारीला "मी, चार". अक्षर शेवटपर्यंत सरळ होतं.

पान उलटलं की सायलीचं अक्षर लागत होतं. आप्पा, शहाण्णव. आप्पा, नव्वद. आज आप्पा, एकाहत्तर. आणि त्याखाली, शाई अजून ताजी, मालनबाई, एकतीस.

"शेळीचं काय झालं?"

"गेली."

रंभाजी अंगणात नातीला विहिरीपाशी जाऊ नको म्हणून ओरडत होते. ओरडता ओरडता मध्येच थांबले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

"सायली, हे आकडे उतरताना तुला दिसत नाहीत?"

"दिसतात." तिने कप खाली ठेवला. "मी नोंद करते, बाई. पोराचं वजन उतरलं तरी मी उतरलेलंच लिहिते. वर पाठवते. खोटं लिहिलं तर कुणाचं भलं होतं? आप्पांना मी हात जोडून सांगितलं. ते म्हणतात, उतरू दे, पोरगं भेटतंय ना. खुर्ची आत टाकली तर जमिनीवर बसतात."

"आणि तू?"

"मला ज्ञानेश्वरी आहे," सायली म्हणाली. "मी तिकडून जातही नाही." मग कप उचलता उचलता, "एकदा गेले होते. त्यानंतर नाही."

मालनबाईंनी दुसरा चहा घेतला नाही. त्यांनी जे सांगितलं ते साहेबांनी ऐकलं असतं तर त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं असतं. त्या म्हणाल्या, "चित्र मी काढते, नऊ तारखेच्या आत. पण माझ्या दोन अटी. भंडारदऱ्याकडे अकोल्याला तुझी नणंद आहे ना, आप्पांना तिच्याकडे पोचव, उद्याच्या उद्या. आणि सतरा नंबर मी काढणार नाही. सोळा भागांची चक्की, मंद वाऱ्यावर फिरणारी. आदिनाथचं नाव कागदावर येईल, आणि कागद वाचून कुणी खुर्ची मांडून बसणार नाही."

"पण मग खोटं होईल ना ते."

"होईल. माझ्या हातून होईल, तुझ्या नाही."

रंभाजींनी जायला पुष्कळ कुरकुर केली. "मला काय धाड भरलीय? लेकीच्या घरी फुकटचा भात हादडायला पाठिवता व्हय?" असं म्हणत ते जीपमध्ये बसले आणि वळणापर्यंत मागे वळून चक्कीकडे बघत राहिले. सायलीने चक्कीवर ताडपत्री बांधली, खुर्ची अंगणवाडीत नेऊन ठेवली.

आठ मेला मालनबाईंनी आकृती पुऱ्या केल्या. आकृती दोनमध्ये सोळा आकडे. प्रत्येकावर त्यांनी वाकून फुंकर घातली. शेवटी खांबाच्या उगवतीकडची कोरी जागा भिंगाखाली पुन्हा तपासली. कोरीच होती. अर्ज गेला. पावतीवर संशोधक म्हणून आदिनाथचं नाव आलं तेव्हा सायलीने फोनवर ते दोनदा वाचून दाखवलं.

त्यानंतर मालनबाई थकत गेल्या. जून-जुलैत जिन्याच्या आठव्या पायरीवर थांबायच्या, पोळ्याच्या सुमारास चौथीवर. गिरणीवाला दळण वर आणून देऊ लागला. नगरच्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली आणि वयाच्या मानाने छान आहे म्हणाले. मालनबाईंनीही वयावरच टाकलं. वयावर काहीही टाकता येतं.

अर्जदार बाई असली की तपासणी लवकर मागता येते, म्हणून सायलीने ती मागितली होती. ऑक्टोबरात, पाऊस ओसरून हवा जड झाली होती तेव्हा, कार्यालयाचा तपासणीचा अहवाल आला. सायलीने तो मोबाईलवर पाठवला. शंका किरकोळ होत्या. तिसरी वाचून मालनबाईंनी चष्मा पुसला.

आकृती दोनमधील १७ या आकड्याचे वर्णनात स्पष्टीकरण नाही. एकतर आकडा वगळावा किंवा भागाचे नाव द्यावे.

त्यांनी कपाटातून मूळ चित्र काढलं. सोळा आकडे होते. मग मोबाईलवर कार्यालयात जमा झालेली प्रत उघडली आणि दोन बोटांनी मोठी केली. खांबाच्या उगवतीकडे बारीक रेघ होती. तिच्या टोकाला सतरा. रेघ एका जाडीची, न थरथरता ओढलेली. आणि सातच्या पोटात आडवी रेघ.

त्यांनी सायलीला फोन लावला.

"आप्पा कसे आहेत?"

"एकदम छान, बाई! भात खाऊन अंग धरलंय. काल भंडारदऱ्याला जाऊन आले, पोरांच्या पुढे चालत होते म्हणे."

"आणि तिकडे माळावर?"

मागे अंगणवाडीतली पोरं पाढे म्हणत होती.

"तुम्हाला सांगणारच होते. ताडपत्री मे महिन्यातच फाटली. आतून. बाई, ती फिरतेय. कुणी नसतं तिथे. खुर्ची इथे माझ्यासमोर आहे, पोरांची दप्तरं आहेत तिच्यावर. दुपारी बाराला सुरू होते आणि थोड्या वेळाने थांबते."

"नोंद केलीस?"

"रोज."

"सतराव्या रकान्यात काय लिहितेस?"

"रिकामं सोडते. कुणी नसतं तर काय लिहू?"

"पहिला आकडा सांग. मे महिन्यातला."

पानं चाळल्याचा आवाज आला. "दहा मे. एकतीस."

मालनबाई टेबलाची कड धरून बसल्या. "पुढचे?"

"तीस. तीस. अठ्ठावीस. जूनअखेर चोवीस. पोळ्याच्या दिवशी तेरा." तिचा आवाज हळू झाला. ती आकडे वाचत होती, आणि वाचता वाचता तिला काहीतरी आठवलं असावं. "बाई? एकतीस तर…"

"कालचा?"

"बाई, मी ती चक्की आज पाडते. आत्ता जाते, पहार घेऊन."

"अर्ज चालू असताना नमुना पाडायचा नाही. तपासायला मागतील. कालचा आकडा सांग."

"पाच," सायली म्हणाली आणि रडू लागली.

मालनबाईंनी तिला शांत केलं. अहवालाचं उत्तर आपण देऊ, आदिनाथचं नाव कुठे जात नाही, असं सांगितलं. ज्ञानेश्वरीला माळावर जाऊ देऊ नकोस, असंही सांगितलं. मग फोन ठेवला.

साडेअकरा वाजले होते. वीज गेलेली होती, गिरणी बंद होती, पंखा बंद होता. खिडकीबाहेर स्टँडवरचा पिंपळ चित्रात काढल्यासारखा उभा होता. पिंपळाचं पान वाऱ्याशिवायही हलतं म्हणतात. तेही हलत नव्हतं.

आकडा वगळावा किंवा भागाचे नाव द्यावे. वगळून त्यांनी एकदा पाहिलं होतं. छत्तीस वर्षांत आणि नंतरच्या पंधरात त्यांनी एकच खोटं चित्र काढलं होतं, दुसरं काढायचं नव्हतं. त्यांनी कोरा कागद घेतला. दौत उघडली. सतरा लिहिलं, सातच्या पोटात रेघ मारली आणि पुढे आपलं स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, शाळेच्या दाखल्यावर होतं तसं.

शाई ओली होती, चमकत होती. सवयीने त्या फुंकर घालायला वाकल्या. ओठ गोल केले. दम पुरला नाही.

कागदावर मात्र शाई वाळू लागली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकेक करत, सावकाश, कुणीतरी काळजीपूर्वक फुंकर घालावी तशी.